दिघीला थांबलेली बोट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवासमोरही नाही — देवासमोर तर मुद्दामच नाही, कारण तिथे बोललं की माणसाला उगाच हलकं वाटायला लागतं. तुम्हाला सांगतोय ते एवढ्याचसाठी, की तुम्ही मला ओळखत नाही. गाव ओळखतं. गावात मला सगळे हवालदार म्हणतात. चावडीवर गेलो तर बसायला जागा करून देतात, दसऱ्याला शस्त्रपूजेचा नारळ माझ्या हातात देतात. चांगलं वाटतं. का वाटू नये? वीस वर्षं पलटणीत काढली आहेत.

पण हे राघोबद्दल आहे.

राघोचं घर आमच्या घराला लागून. मधे फक्त कुंपण, तेही कोंबड्यांना अडवण्यापुरतं. दोघं एकाच वयाचे, एकाच समुद्रात पोहायला शिकलेले. मोठी लढाई संपल्यानंतर पलटणीत भरती झालो तेही एकाच दिवशी. माझी आई आल्यागेल्याला सांगायची, ‘राघो सोबत हाय म्हणून महादूची काळजी न्हाय.’ मी महादू. स्वतःच्या आईच्या तोंडून हे ऐकायचं, तेही वर्षानुवर्षं — तुम्हाला कसं वाटलं असतं? मी हसायचो. आतून मात्र असा चडफडायचो, की त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही.

त्याचा मला हेवा वाटायचा. घ्या, एक गोष्ट तर सांगून झाली. आणि कशाचा वाटायचा, तेही सांगतो. त्याच्या नेमबाजीचा नाही — नेम माझाही चांगला होता. दिसायलाही तो काही राजबिंडा नव्हता. हेवा वाटायचा तो एका पहाऱ्यापासून. छावणीत पहाऱ्यावर उभा असताना राघोचा डोळा लागला. क्षणभरच. कुणी पाहिलं नाही, काही चोरीला गेलं नाही. आणि हा पठ्ठ्या सकाळी आपणहून सुभेदारांसमोर जाऊन उभा! ‘साहेब, मी झोपलो व्हतो.’ शिक्षा झाली, पाठीवर वाळूची पिशवी बांधून भर उन्हात पळवला त्याला. मी बराकीच्या सावलीतून बघत होतो आणि मला बरं वाटत होतं. पण त्यानंतर सुभेदारांची नजर बदलली. दारूगोळ्याच्या कोठीची किल्ली कुणाकडे? राघोकडे. नव्या पोरांना कुणाच्या हाताखाली द्यायचं? राघोच्या. अहो, पहाऱ्यावर मीसुद्धा झोपलो होतो. एकदा नाही, कितीदा तरी. मी ते पोटात ठेवलं म्हणून मला ना शिक्षा झाली, ना किल्ली मिळाली. शिक्षा भोगून माणूस मोठा होतो, हा कुठला न्याय — असं मला खरोखरच वाटायचं.

सुभेदार आम्हाला शिकवायचे: खाल्ल्या मिठाला जागा, हुकूम पाळा, सोबत्याची पाठ सोडू नका. मला ते सगळं तोंडपाठ होतं. राघोला पाठ येत नव्हतं, म्हणताना चुकायचा. वागताना चुकत नव्हता, तीच तर माझी पोटदुखी.

त्या वर्षी कंपनीत लान्स नाईकाची एक जागा रिकामी झाली. उन्हाळ्याच्या रजेवर निघताना सुभेदार म्हणाले, ‘तुम्हा दोघांतल्या एकाला फीत मिळेल. वेळेवर हजर व्हा.’ आम्हा दोघांतल्या एकाला! सुभेदार बोलत होते तेव्हा बघत होते कुणाकडे, ते मला दिसत होतं.

आता आमच्या किनाऱ्याची गोष्ट सांगायला हवी. तेव्हा मुंबईला जायचं म्हणजे आगबोटीनं. पावसाळ्याच्या तोंडाला बोटी बंद व्हायच्या त्या थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. त्यामुळे शेवटची बोट चुकली की डोंगर तुडवत रेल्वे गाठायची. आमचं गाव दिघीपासून जवळ. दिघीचं बंदर खाडीच्या आत, तिथे पाणी शांत. श्रीवर्धनला मात्र उघडा समुद्र. बोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत न्यायची. राघो रजेचे शेवटचे दिवस सासुरवाडीला, श्रीवर्धनला गेला होता. ठरलं असं, की तो तिथून चढेल, मी दिघीहून चढेन आणि डेकवर भेटू. जाताना तो म्हणाला, ‘काय बदललं तर सांगावा धाड हां, महादू.’ मी म्हटलं, धाडतो.

बोट सुटायच्या आदल्या सकाळी दिघीच्या बोट-एजंटाचा माणूस, दगडू, माझ्या दारी आला. बोट दक्षिणेकडे जाताना कप्तानानं दिघीत सांगितलं होतं — समुद्र खवळलाय, परतीला श्रीवर्धनला थांबणार नाही. ज्यांना जायचं त्यांनी दिघीला यावं. श्रीवर्धनला बोट जातानाच थांबली नव्हती, तेव्हा तिथे कुणाला हे कळायचा प्रश्नच नव्हता. दगडू म्हणाला, ‘राघो थयच हाय ना? त्याला तेवढं कळव.’ आणि घाईघाईनं पुढच्या वाडीकडे गेला.

मी कळवलं नाही.

म्हणजे — नुसतं विसरलो असं नाही. विसरलो असतो तर आज हे सांगत बसलो नसतो. मी अंगणात उभा होतो. मनात म्हणत होतो की कुणाला तरी धाडायला हवं. कुणाला धाडू? मीच जाऊ का? आणि तेवढ्यात हसनमियांची गाडी आली. हसनमिया आमच्याकडचे नारळ घेऊन आठवड्यातून दोनदा श्रीवर्धनला जायचे. नेहमीप्रमाणे त्यांनी बैल थांबवले आणि विचारलं, ‘श्रीवर्धनला चाललोय. राघोला काय सांगायचां हाय?’

बघा, माणूस आपल्या पायांनी दारात आला होता. मला पाऊलसुद्धा टाकायचं नव्हतं. तोंड उघडायचं आणि ‘दिघीला ये म्हणावं’ इतकंच बोलायचं. संध्याकाळी सांगावा पोचला असता आणि राघो रातोरात चालत दिघीला आला असता.

मी म्हटलं, ‘न्हाय. काय न्हाय.’

गाडी गेली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढी ती हळू चालत होती. मारली नाही. मग घरात गेलो आणि ट्रंक भरली.

दुसऱ्या दिवशी दिघीला चढलो. डेकवर बाणकोटहून आलेली मंडळी होती, त्यांच्यात श्रीवर्धनचीच चर्चा चालली होती. किनाऱ्यावर पाचपन्नास माणसं ताटकळत होती म्हणे. बोट थांबत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी आरडाओरडा केला आणि मग सगळे गप्प झाले. एकटा कुणी शिपाई होता, तो डोक्यावर ट्रंक घेऊन सरळ पाण्यात शिरला. छातीइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला, लाटा अंगावरून जात होत्या तरी. एक बाई त्याला मागून हाका मारत होती. सांगणारा हसत होता. ‘बोट काय बैलगाडी हाय, हात केला की थांबाया?’ असं म्हणाला, आणि मीही हसलो. खरंच हसलो.

राघो तीन दिवस उशिरा हजर झाला. दिघीहून होडीनं खाडी चढून तळा गावाच्या बाजूला उतरला होता, तिथून पालीवरून चालत खोपोलीला रेल्वे गाठली होती. पायांची पार सालटी निघाली होती. लगेच त्याची साहेबांपुढे पेशी झाली. गाववाला म्हणून सुभेदारांनी मलाही आत बोलावलं. साहेबांनी विचारलं, ‘बोट श्रीवर्धनला थांबणार नाही हे तुला माहीत होतं?’ मी टाचा जुळवून सांगितलं, ‘न्हाय साहेब. दिघीला बोटीत चढताना कळलं.’ राघो माझ्या शेजारीच उभा होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘चूक माझी, साहेब. चौकशी मी कराया पायजे व्हती.’

राघोला शिक्षा झाली, फीत मला मिळाली. त्या दिवशी संध्याकाळी राघोनंच ती माझ्या बाहीवर शिवून दिली, कारण माझे टाके वाकडे यायचे.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, पोरवयातली चूक, हेव्यापोटी झालेली. मीही स्वतःला तसंच सांगत होतो. पण पुढच्या रजेत दगडू भेटला. म्हणाला, ‘काय रे, राघोला सांगावा धाडला न्हायस? बोट गेल्यावर तो धावत दिघीला आला व्हता. मी त्याला बोललो, महादूला मी काल सकाळीच सांगितलां.’

म्हणजे त्याला ठाऊक होतं. साहेबांपुढे मी टाचा जुळवून खोटं बोललो, तेव्हा ते खोटं आहे हे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक होतं. टाके घालतानाही ठाऊक होतं.

त्या क्षणी मला काय वाटलं असेल? लाज वाटली, असं सांगायचा मोह होतो. पण नाही. मला राग आला, आणि जुनाच हेवा पुन्हा दुप्पट उसळला. मी ज्या फितीसाठी एवढा खालच्या थराला गेलो, ती हातची गेल्याचं याला दुःखसुद्धा नीट होऊ नये? त्यानं माझं नाव घेतलं असतं, चारचौघांत दोन शिव्या घातल्या असत्या, तर मी त्याला माफ केलं असतं. हो, मीच त्याला. असा मी आहे.

राघो मुदत संपताच शिपाई म्हणूनच घरी आला आणि सुपारीच्या वाडीत कामाला लागला. मी हवालदार होऊन आलो. शाळेत मास्तर मला मुलांपुढे उभं करायचे: शिस्त म्हणजे काय, इमान म्हणजे काय, हवालदार सांगतील. मी सांगायचो. छान सांगायचो. राघो कधीकधी मागे भिंतीला टेकून ऐकायचा. सोबत्याची पाठ सोडू नये हे वाक्य आलं की मी फळ्याकडे तोंड करायचो.

आणि आता जे खरं सांगायचंय ते.

राघोचा थोरला मुलगा अठरा वर्षांचा झाला. माणगावला भरतीचे अधिकारी येणार होते. जागा थोड्या, त्यामुळे पेन्शनरांनी आपापल्या गावची पोरं आणायची आणि त्यांच्या घराण्याची हमी द्यायची अशी रीत. राघोनं पोराला माझ्याकडे सोपवलं. ‘तुझ्या शब्दाला मान हाय,’ म्हणाला. मी घेऊन गेलो. रांगेत माझं स्वतःचं कुणी नव्हतं हे लक्षात घ्या. ना मुलगा, ना पुतण्या. मला तिथे मिळवायचं असं काहीच नव्हतं.

अधिकारी रांगेवरून चालत आले आणि त्या पोरापुढे थांबले. छातीचं माप नाही, दात नाहीत, काही बघितलं नाही. नुसतं त्याच्या उभं राहण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘हा कुणाचा?’ तोच आवाज. सुभेदार राघोबद्दल बोलायचे तसाच. पंधरा-सोळा वर्षांनी मी तो आवाज ऐकत होतो.

मी म्हटलं, ‘याचा बाप आमच्याच पलटणीत होता, साहेब. रजेवरून उशिरा आला म्हणून शिक्षा झाली होती त्याला.’

एक शब्द खोटा नव्हता. अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि पुढच्या पोराकडे गेले. राघोच्या मुलाला घेतलं नाही. परतीच्या वाटेवर तो माझ्यासोबत चालत होता. त्यानं माझी पिशवीसुद्धा घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राघो माझ्या ओट्यावर येऊन बसला. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा दिघीचं नाव काढेल. मी मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती. तो म्हणाला, ‘पोरगा इचारत व्हता, बा, तू खराच उशिरा गेलेला काय? मी बोललो, व्हय. महादूकाका खोटां न्हाय बोलला.’

एवढं बोलून उठला. बायकोनं केलेला चहा तसाच राहिला.

मुलगा मुंबईला गिरणीत लागला. राघो अजून आहे. सकाळी वाडीत शिंपायला जाताना माझ्या दारावरून जातो, आणि मी ओट्यावर असलो की थांबून म्हणतो, ‘राम राम, हवालदार.’

मी राम राम घेतो.