चुलीत गेलेला तलाव

तलावाच्या पोटातली हजारो वर्षं आमच्या आईनं एका दुपारीत मळून चुलीला लावली. आज हे सांगताना हसू येतं. पण त्या संध्याकाळी ओसरीवरचं घमेलं रिकामं दिसलं, तेव्हा मी पुस्तकं तिथंच टाकून आत धावले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरजवळचं आमचं बेसा तेव्हा खेडंच होतं, घरामागे तुरीची शेतं होती. मी रोज नागपूरला जाऊन वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि गावाजवळचा तलाव जुन्या माणसांच्या आठवणीत पहिल्यांदाच तळापर्यंत उघडा पडला. गाव हवालदिल, आणि आमच्या सरांना कोण आनंद! त्यांनी गाळात लोखंडी पाइप ठोकून चिखलाचे वीत-वीतभर तुकडे वर काढले. गाळात जुने परागकण टिकून राहतात. इथं कधी कोणतं रान होतं, पाऊस किती पडायचा, माणूस कधी येऊन वसला, ते त्यावरून कळतं. असा तळ पुन्हा हाती लागेल याचा काही नेम नव्हता. माझा सगळा प्रबंध त्या तुकड्यांवर होता.

प्रयोगशाळेत जागा होईपर्यंत ते चार दिवस आमच्या घरी होते. प्रत्येक तुकडा ओल्या फडक्यात, प्रत्येकाला तो किती खोलवरचा ते लिहिलेली चिठ्ठी, सगळे घमेल्यात ओळीनं, सर्वांत खोलचा भिंतीकडे, वर ओलं पोतं. घरात कुणाला काही सांगितलं नाही. यांना काय कळणार, हा माझा तोरा.

मी हे विसरले होते, की आमच्याकडे चुलीसाठी तलावाची माती आणली, की तीही अशीच ओल्या पोत्याखाली ठेवतात. आणि आई होळीपासून माझ्यामागे लागली होती, चूल तडकली, माती आण.

स्वयंपाकघरात नवी चूल वाळावी म्हणून पेटवलेली होती. आईचा चेहरा फुललेला.

"शेजारच्या दोघींले बोलावून दाखवली," ती म्हणाली. "म्हटलं, कॉलेजात गेली तरी माझी पोरगी घरचं विसरली नाही. लोण्यावानी माती आणली वं!"

"आणि चिठ्ठ्या?"

"ते कागद होय? चूल पेटवाले घेतले."

मी किंचाळले. "तुले काही समजते का? जन्माचं वाटोळं केलं माझं!" याहून वाईटही बोलले, ते इथं लिहवत नाही.

"काहून ओरडून राहिली वं? मातीच तं होय."

मग मी रडत रडत सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. चुलीतली लाकडं ओढून विझवली, वरवंटा उचलला आणि नवी कोरी चूल फोडली. आतली माती अजून ओली होती. ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरून आई म्हणाली, "घे. होते का याचं काही?"

सगळं एकत्र मळलेलं. मी नकारार्थी मान हलवली.

तेव्हा तिनं कोनाड्यातून एक वाटी काढली. वाटीत कोळशाचे बारीक खडे. "मातीत कोळसा राहिला तं चूल तडकते, म्हणून निवडला. दात घासाले होईन म्हणून ठेवला."

"कोणत्या तुकड्यातला?"

तिनं डोळे मिटले आणि बोटांवर अंगठा फिरवत सांगू लागली. "भिंतीकडच्या फडक्यात कुजका पालापाचोळा होता. मग रेती लागली, ते फेकली. रेतीच्या पुढच्यात हा कोळसा. त्याच्यापुढे शेवटपर्यंत नुसतं लोणी." मग म्हणाली, "तिथं कोणी रांधलं असन."

मला धक्का बसला तो इथं. महिनाभर पुस्तकं चाळून मी जे वाचायला शिकत होते, ते ही बाई मातीत हात घालून वाचून बसली होती.

दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन सरांपुढे उभी राहिले. सर आधी पांढरेफटक पडले. मग तो क्रम ऐकता ऐकता खुर्चीतून उठलेच. खाली पाचोळा म्हणजे दाट रान. रेती म्हणजे पाऊस हटला, तलाव आटला. कोळसा म्हणजे माणसं आली, रान जाळलं. आणि वरचं लोणी म्हणजे त्यांच्या शेतांतून वाहत आलेली माती.

"पण हे छापता येणार नाही," ते म्हणाले. "पुरावा कुठे आहे? हे निवडलं कोणी?"

"आमच्याकडे कामाला येते एक बाई," मी म्हटलं. शब्द तोंडातून गेले आणि माझी मलाच शिसारी आली. पण मी ते परत घेतले नाहीत.

संध्याकाळी घरी आले. आई अंगणात तीन दगड मांडून भाकरी भाजत होती. धुरानं डोळे लाल झालेले.

"सर लय रागावले काय वं?"

"नाही."

"मी केलं म्हणून सांगितलं काय त्याइले?"

"नाही."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि सुटल्यासारखा श्वास टाकून तिनं पहिली भाकरी माझ्या ताटात वाढली.