डब्याच्या पिशवीतला कॅमेरा

माझा स्वभाव मुळातच उतावळा. दुसऱ्याच्या गाडीत मागं बसलो तरी माझा पाय ब्रेक दाबत असतो. त्यात कॅमेऱ्यासाठी बॅग घ्यायचं ठरलं आणि मी घरात कुणालाच चैन पडू दिलं नाही.

कॅमेरा आधीपासून होता. किनवटच्या रानात पक्षी टिपायला म्हणून लांब लेन्स घेतली होती, ती जुन्या टॉवेलात गुंडाळून स्कुटीच्या डिकीत टाकायचो. आता मात्र एसटीनं जायचं होतं, नांदेडहून लातूरला आणि तिथून जीपनं किल्लारीला, मावशीकडं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आईचे गुडघे गेलेत, तिला एसटीत बसवत नाही. मावशी गाव सोडत नाही, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. म्हणून आईला तिचा एक फोटो हवा होता, हसतानाचा.

तसा फोटो कुणाकडंच नव्हता. भूकंपात मावशीची लेक गेली. मावशी ढिगाऱ्यापुढं बसून रडत असताना कुणीतरी तिचा फोटो काढला आणि तो पेपरात आला. तेव्हापासून कुणी नुसता मोबाईल वर केला तरी ती पदर तोंडावर ओढून घेते. आई म्हणाली, एकदा तिचं हसतं तोंड बघू दे, मग मी मरायला मोकळी. आईला काही झालेलं नव्हतं, तिची बोलायची रीतच तशी. पण ते माझ्या जिवाला लागलं.

मी बेत आखला की मावशीच्या नकळत, लांबून फोटो काढायचा. त्यासाठी बॅग अशी हवी होती, की आत कॅमेरा आहे हे कुणाला कळू नये, लेन्ससकट तो आत मावावा आणि झटकन बाहेर काढता यावा.

एका दुकानदारानं काळी बॅग दाखवली. तिच्यावर कंपनीचं नाव एवढं मोठं, की रस्त्यापलीकडून वाचता यावं. दुसऱ्यानं पाठीवरची दाखवली. तिला इतके कप्पे आणि इतक्या चेन, की कॅमेरा निघेपर्यंत मावशी आत जाऊन झोपली असती. मग गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडं गेलो, रेक्झिनची बॅग आतून फोम लावून शिवून दे म्हटलं. तो माप घेत असताना माझ्या मनात आलं, ही तर हुबेहूब पेपरवाल्यांची दिसेल. माप अर्ध्यावर टाकून निघालो. तो मागून काय बोलला ते ऐकायला थांबलो नाही. घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर लेन्स उभी करून पुन्हा पुन्हा मोजत बसायचो. शेवटी बायको वैतागली. तिनं स्वतःची ऑफिसला न्यायची डब्याची मोठी पिशवी पुढं केली. आतून जाड अस्तर, वर एकच चेन. "यात घाला आणि एकदाचे जा," म्हणाली. कॅमेरा तिच्यात असा बसला, की मी तिथल्या तिथं नाचायचंच बाकी ठेवलं.

एसटीत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. शेजारच्यानं भाजी कसली म्हणून विचारलं, तर वांग्याची म्हणून सांगून मोकळा झालो. लातूरला जीप भरेपर्यंत चेन उघडत होतो, लावत होतो. फोटो हुकला तर आईला काय सांगायचं, हेच डोक्यात घोळत होतं.

मावशी घरी एकटीच होती, मुलगा आणि सून शेतात गेलेले. आलेल्याच्या हातातली पिशवी दारातच घ्यायची तिची सवय. तिनं हात पुढं केला आणि मी पिशवी मागं ओढली. तिनं पिशवीकडं नीट पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"डबा घिऊन आलास?" ती म्हणाली. "मावशीच्या घरी?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढे दिवस मी आकार बघितला, अस्तर बघितलं, चेन बघितली. पण मावशीच्या दारात डबा घेऊन उभं राहायचं म्हणजे काय, हा विचार मनाला शिवला नाही. आतून गरम भाकरीचा वास येत होता. वाटेत खाल्ला, थोडा उरलाय, असं काहीतरी मी पुटपुटलो. उरला असेल तर दे, म्हशीला घालते, म्हणून तिनं पिशवी हातातून घेतलीच. मग मला चेन उघडून दाखवावी लागली.

आता ती पदर ओढणार, असं मला वाटलं. तिनं ओढला नाही. फोटो कुणाला हवाय, एवढंच विचारलं. मी आईचं सगळं सांगितलं. सांगताना शरमेनं कान तापले होते, आणि रागही येत होता, तो स्वतःचा की त्या पिशवीचा, ते कळत नव्हतं. मावशी काही बोलायच्या आत मीच म्हणालो, नको असेल तर राहू दे, तू बरी आहेस असं आईला सांगतो.

"तवापासनं फोटो काढायला लई जण आले," मावशी म्हणाली. "चल म्हणायला कुणीच आलं न्हाई."

तू गाव सोडत नाहीस असं आम्हाला वाटायचं, मी म्हणालो.

"इचारलं का कुणी?"

कुणी विचारलं नव्हतं. दर वेळी फोनवर आम्हीच आधी बोलून टाकायचो, तुला काही यायला जमायचं नाही. ती नुसतं हो म्हणायची. इतकी वर्षं तिच्या त्या होकारात आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"मग चल, मावशी," मी म्हणालो.

तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं, आधी जेव म्हणाली आणि आत गेली. मी भाकरीचा पहिला तुकडा मोडला, तोवर ती लुगडं बदलून, पायात चप्पल घालून दारात उभी होती.