गावाचं खोटं नाव

खाडीकाठच्या एका कोळीवाड्यावर मी पुस्तक लिहिलं आणि प्राध्यापक झालो. समाजशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे गावाचं नाव बदललं होतं, लोकांना त्रास नको म्हणून.

पुढे गावाची मासळी सुकवायची जागा पार्किंगसाठी घ्यायचं ठरलं. गावात असताना मी जिच्याकडे जेवायचो, ती मावशी जुईनगरला माझ्या घरी आली.

"सर, ती जागा आमच्या वापरातली हाय, असं तुमीच लिवलंय. सुनावनीला येऊन सांगा."

"पुस्तकात गावाचं नाव वेगळं आहे, मावशी. खरं नाव सांगणं नियमात बसत नाही."

"नाव लपवायला आमी काय चोरी केलेली? आन् जेवताना कुटं गेलेला तुमचा नियम?"

नियम गावाच्या भल्यासाठी होता. गावच 'सांगा' म्हणत असताना तो आड येत नव्हता. खरं एवढंच, की जागा घेणाऱ्यांच्या सल्लागार समितीवर मी होतो आणि मला तिथंच राहायचं होतं. मी चहा विचारला. ती उठली.

सुनावणीला मी गेलो नाही. जागा गेली. मावशी आता दुसऱ्यांनी सुकवलेले बोंबील विकत आणून विकते. त्या गावाचं पुढे काय झालं, असं विद्यार्थी विचारतात. नागरीकरण झालं, असं मी सांगत आलोय.