कुमुदताईंच्या कपाटातलं माझं पाकीट

काल सकाळी चिकलठाण्याला कुमुदताईंच्या घरी गेले होते. ताईंना जाऊन पंधरा दिवस झाले आणि त्यांच्या दारात मी पाय ठेवला तो आत्ता... त्या होत्या तेव्हा हिंमतच झाली नाही.

त्यांच्या भाचीचा, रेखाचा फोन आला होता. मावशीच्या कपाटात तुमच्या नावाचं पाकीट आहे म्हणाली. मी म्हटलं, कुरिअर कर ना. तर म्हणे, "नाय जमणार. तुम्हालाच यावं लागंल. मावशीनं तसं वर लिहून ठेवलंय."

नव्या पोरींना कुमुदताई माहीत नसतील. कॉलेजात मराठी शिकवायच्या, समीक्षा लिहायच्या आणि बायकांच्या लिखाणाचं एक त्रैमासिक एकटीच्या जिवावर चालवायच्या. आपल्या थोर कादंबऱ्यांतल्या बायका पोटभर जेवताना का दिसत नाहीत, असा लेख त्यांनी लिहिला तेव्हा इथल्या भल्याभल्या साहित्यिकांना मिरच्या झोंबल्या होत्या.

त्यांची एक पद्धत होती. लेख पाठवणारीला त्या आधी विचारायच्या, उत्तर कुठल्या पत्त्यावर पाठवू? घरी आलेलं पाकीट बाईच्या आधी दुसरंच कुणीतरी फोडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग लेखाच्या समासात पेन्सिलनं नुसते प्रश्न लिहून लेख परत यायचा. आपण खाली उत्तर लिहून लेख परत पाठवायचा, पुढं तो जसाच्या तसा छापला जायचा. स्वतःच्या हातानं त्या एक शब्द बदलायच्या नाहीत.

वीसेक वर्षांपूर्वी मी गंगापूरला शाळेत शिकवत होते. मुलगी झाली म्हणून, बाळंतपणाहून सासरी परत आले त्याच आठवड्यात नवऱ्यानं मला मारलं होतं. ते मी लिहिलं. पत्ता शाळेचा दिला. अंक निघाला... आणि कुणीतरी तो नेमका आमच्या घरी आणून दिला.

त्यानंतरचे चार दिवस इथं सांगत नाही. शेवटी दिरानं मजकूर सांगितला आणि मी माझ्या सुंदर, शिक्षिकेच्या अक्षरात लिहून दिलं... माझा लेख साधाच होता, मारहाणीचं सगळं संपादिकेनं स्वतःच्या मनानं घुसडलं. खाली सही ठोकली. पेपरात छापूनही आलं.

लोक टपूनच बसले होते. कार्यक्रमांची बोलावणी थांबली, घरं फोडणारी बाई असं ताईंना तोंडावर बोलले. पण त्यांना खरं लागलं असेल ते वेगळंच. बायकांनीच लेख पाठवणं बंद केलं, ही आपलं लिखाण बदलते म्हणून! वर्षभरात अंक बंद पडला.

आणि ताईंनी काय केलं? माझं पत्र पुढच्या अंकात अख्खं छापलं. खाली स्वतःची एक ओळ नाही. मला तेव्हा काय वाटलं सांगू? सुटले बाई एकदाची! इतकी कोडगी मी.

पुढं एकदा शहागंजात समोरून येताना दिसल्या, तर मी चटकन बांगड्यांच्या दुकानात शिरले. त्यांनी बघितलं होतं मला.

काल रेखानं पाकीट हातात ठेवलं. वर ताईंचं अक्षर... 'हिच्याच हातात द्यावं. हिच्या घरी पाठवू नये.'

आत माझा लेख. मूळचा, माझ्या हातचा. मारहाणीची ओळ न् ओळ माझ्याच अक्षरात. आणि पहिल्या पानाच्या समासात त्यांचा पेन्सिलचा प्रश्न, 'नाव बदलू या का? घरी त्रास होईल.' त्याच्याखाली निळ्या शाईत माझं उत्तर. 'नाही. माझंच नाव टाका.'

हे एक पान त्यांनी कुणाला नुसतं दाखवलं असतं तरी बास होतं. अंक वाचला असता, त्यांची अब्रू वाचली असती. पण मग माझ्या घरी माझं काय झालं असतं, ते त्यांनी बरोबर ओळखलं. वीस वर्षं ते पान कपाटात ठेवलं आणि गप्प राहिल्या.

मी तिथंच खाली बसून रडले. रेखानं पाणी दिलं. "मावशी तुमच्याबद्दल कधी वाईट बोलली नाय हो," म्हणाली. ती बिचारी समजूत घालत होती, पण मला ते लई लागलं. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

माफी मागायला आता ताई नाहीत. म्हणून इथं, या पोस्टमध्ये सगळ्यांसमोर लिहितेय, माझ्या पूर्ण नावानं, सासरची निम्मी माणसं इथंच आहेत हे माहीत असून. ते पत्र खोटं होतं. लेखातला प्रत्येक शब्द माझा होता आणि मार खरा होता. कुमुदताईंनी त्यात कशालाही हात लावलेला नव्हता.

ताई, तुमच्या गप्प राहण्यानं मी या घरात तगले. तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

आमचे हे बाहेरच्या खोलीत टीव्ही बघतायत. पाच मिनिटांत कुणीतरी त्यांना फोन करेलच... करू दे. आता दुसरं पत्र मी लिहून देणार नाही.