कोल्हा विचारला, खोकड राहिलं

महिनाभर मी झरीच्या शिवारात मोटारसायकलवर फिरून भेटेल त्याला एकच विचारत होतो, कोल्हा कुठं दिसतो? लोक सांगायचे, मी नकाशावर लाल ठिपका द्यायचो. उसात ठिपके, ओढ्याला ठिपके. मेलेली जनावरं टाकतात तिथं तर ठिपक्यांची जत्रा. गावच्या माळावर एकही नाही.

आणि मला तर माळच वाचवायचा होता. तिथं झाडं लावायला खड्डे घ्यायचं घाटत होतं. मांजराहून थोडा मोठा, शेपटीला काळं टोक असलेला एक प्राणी मी तिथं पाहिला होता. खड्डे पडले की त्याची बिळं गेलीच. आठ दिवसांवर ग्रामसभा, आणि माझाच नकाशा माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार.

माळावर मेंढ्या चारणाऱ्या एका मावशींना तो नकाशा दाखवला.

"गोवर उठल्यावानी दिसायलंय," त्या म्हणाल्या. "समदे कोल्हेच हायेत की. तुमाला कोण पायजे?"

मी काळ्या टोकाची शेपटी सांगितली.

"मंग खोकड म्हणा की, सर. तुमी म्हैस इचारायलाव अन् शेळी धुंडायलाव."

इंग्रजी पुस्तकातल्या फॉक्सचा मी शाळेत शिकल्याप्रमाणे कोल्हा करून टाकला होता. फॉक्स म्हणजे खोकड; कोल्हा म्हणजे जॅकल, प्राणीच वेगळा. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, हे मी खालच्या आवाजात कबूल केलं.

"पोरं पास होतेत?"

"होतात."

"नशीब त्येंचं."

नकाशा घडी करून डिकीत टाकला, नवा कागद काढला. उरलेले सातही दिवस उजाडताच माळावर. आता प्रश्न एकच, खोकड कुठं? मावशी काठीनं दाखवायच्या. एका बिळाला चार-चार तोंडं, जवळ बोरांच्या बिया असलेली विष्ठा. पाचवं तोंड मी स्वतः शोधलं, म्हणजे पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तिथंही निळा ठिपका दिला.

ग्रामसभेत सरपंचांनी निळ्या ठिपक्यांकडं पाहून विचारलं, "हे खरं कशावरून?"

मी घसा साफ करेपर्यंत मागून मावशी उठल्या. "त्यातल्या एकात सरांचा पाय गेलता. म्या उपसून काढला. आनखी काय पायजे?"

सभा हसली. मीही हसलो, पण नकाशा सोडला नाही. हसू ओसरल्यावर एकेक ठिपका बोट ठेवून दाखवला. शेवटी खड्डे ओढ्याकाठी घ्यायचं ठरलं.

तिथं कोणाची बिळं आहेत का, सरपंचांनी विचारलं. मी डिकीतला लाल नकाशा आणायला उठलो.