लॉग फायलींवाल्या बाई

आमच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं सॉफ्टवेअर ऐन गळितात सारखं अडकायचं आणि उसाच्या ट्रॅक्टरांची रांग दौंड रस्त्याला लागायची. शेवटी सॉफ्टवेअर कंपनीच्या एक बाई एसटीनं आल्या. आल्या आल्या त्यांनी सर्व्हरवरच्या लॉग फायली मागितल्या. सिस्टिम दिवसभर काय करते, कुठं अडखळते, हे त्यांत आपोआप नोंदलं जातं.

काट्यावरचे मामा खुशीत म्हणाले, "त्या न्हाईत आता. तुम्ही येनार म्हनून कालच समदं साफ केलं!"

बाई चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसल्या. आम्ही बिघाड टळावा म्हणून हात जोडायचो. या मात्र तो कधी येतो म्हणून डोळे लावून बसलेल्या. असलं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

दुपारी सिस्टिम हँग झाली. बाहेर ड्रायव्हर ओरडायला लागले आणि बाईंचा चेहरा खुलला. मामा सवयीनं सर्व्हर बंद करायला धावले, तर बाईंनी बटणावर तळहात ठेवला. "थांबा, आधी कॉपी करू द्या."

निघताना पेनड्राइव्ह पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवत त्या हसून म्हणाल्या, "मामा, पुढच्या वेळी पसारा तसाच ठेवा."

दुरुस्ती झाली. आता काटा अडकत नाही. तरी मामा त्या फायलींना कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, "ऱ्हाऊ द्या. मॅडम परत आल्या तर त्यास्नी दावायचं काय?"