फ्लेक्सएवढी वेबसाइट

आमच्या मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, केळझरजवळ लग्नाचं लॉन काढलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला, एक मोठी आई सोडून. मोठी आई म्हणजे त्यांची बायको. जमीन तिची, तिच्या वडिलांनी हौसेनं लेकीच्या नावावर केलेली. त्या काळ्याभोर वावरात हिरवळ अंथरून मधोमध कारंजं उडवायचं, हे तिला बघवत नव्हतं. तिनं एकदाच सांगितलं, "या सीझनले एकबी लगन नाई लागलं, तर त्या कारंज्यापाशी तूर लावीन मी." मोठी आई बोलते ते करते. मोठेबाबांची झोप उडाली.

सीझन अर्धा सरत आला. लग्नं शेजारच्या लॉनवर लागत होती आणि वरात आमच्या गेटासमोरून नाचत पुढे जात होती. शेवटी नागपूरच्या एका पार्टीनं फोनवर सांगून टाकलं, की तुमची साईट उघडतच नाही, आम्हाला वाटलं लॉन बंद पडलं.

मी पिपरी मेघेला घरी बसून लोकांच्या वेबसाइट करते. मोठेबाबांना इतकी वर्षं माझ्या कामाचं नाव घेता येत नव्हतं, ते त्या दिवशी आलं. "बाई, तू लोकायच्या साइटी पळवतं. आपली काऊन बसून राह्यली, पाह्यजो बरं."

पाहिली. चहा ठेवला, गाळला, प्याले, कप विसळून पालथा घातला, तेव्हा कुठं पडद्यावर एक कमळ आलं. मग सनई सुरू झाली, ती बंद करायची सोयच नव्हती. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. आणि मग चेहरे. गॉगलवाले, फेटेवाले, कानाला मोबाइल लावलेले, हात जोडलेले. लॉन कुठंच दिसेना.

झालं होतं ते असं. मोठेबाबांनी वेबसाइट करायला दिली होती फ्लेक्सवाल्याकडे. आपल्याकडे वाढदिवस असो की बारसं, चौकात फ्लेक्स लागतो आणि त्याच्या खाली शुभेच्छुकांची रांग असते. त्या भल्या माणसानं इमानेइतबारे तेच केलं. आमच्या सगळ्या नातलगांचे चौकात टांगायच्या मापाचे फोटो जसेच्या तसे चढवले. एकेक फोटो छापला असता तर बसस्टँड झाकलं असतं, आणि मोबाइलवर तो दिसत होता नखाएवढा. कडेला त्यानं स्वतःचाही लावून घेतला होता.

मी वैतागले. सनई बंद केली, पाकळ्या झाडून काढल्या आणि मोठेबाबांना सांगितलं, "हे चेहरे काढावे लागतील."

"कोणाचे?"

"सगळ्यांचे."

 मोठेबाबा म्हणाले, "पत्रिकेत एक नाव राह्यलं तं लोकं वर्षभर बोलत नाई. अन तू चेहरेच काढतं?"

मी ऐकलं नाही. काढले. संध्याकाळपर्यंत त्यांचे जावई, म्हणजे हिंगणघाटचे आमचे भाऊजी, रुसले. ते रोज साईट उघडून स्वतःला बघत, हे मला कुठं ठाऊक? ताईचा फोन आला, भाऊजी जेवत नाहीत. मग भाऊजींचाच आला. "मले काऊन काढलं? मी का परका हाव?" जावई रुसला की आमच्या घरात कोणाचंच डोकं चालत नाही. माझंही चालेना.

शेवटी तोड काढली. फोटो सगळे ठेवायचे, पण लहान करून. वरचे आधी येतील, खालचे कोणी बोट सरकवलं की मागाहून. मोठेबाबांना हे कसं समजवावं या काळजीत मी होते, तर ते चटकन म्हणाले, "म्हंजे पहिली पंगत उठल्यावर दुसरी." अगदी तसंच. पहिल्या पंगतीत लॉनचा एक फोटो, फोन नंबर आणि जावई. याच्यावर तडजोड नव्हती.

साईट आता बोट टेकवताच उघडायला लागली. भाऊजी हरखले. ऑफिसात, पानठेल्यावर, पेट्रोलच्या रांगेत, दिसेल त्याला मोबाइल दाखवू लागले. "पाहा, टच केलं का मी हजर!" आधी समोरचा माणूस वाट पाहून निघून जायचा, आता पळायला वेळच मिळत नव्हता. त्यांच्या साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मंगल कार्यालय मिळत नव्हतं. साहेबांनी भिडेखातर भाऊजींचा चेहरा पाहिला, मग त्याच्या शेजारचं लॉन पाहिलं, आणि रविवारी सगळे केळझरला येऊन तारीख पक्की करून गेले.

पाहुण्यांची गाडी गेटाबाहेर पडली. मोठेबाबा खुर्चीत मटकन बसले. मोठी आई आणि मी चहाचे कप उचलत होतो. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "दाखव बरं ते साईट."

मी मोबाइल दिला. ती बोट सरकवत गेली. जावई, दीर, भाचे, व्याही, फ्लेक्सवाला. पार तळाला पोचली आणि थांबली.

"माहा फोटो नाई दिसत."

 मोठेबाबा चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसले. मग त्यांनी घसा खाकरला. "लाव, बाई. सगळ्यात वर."

"जावयाच्या वर?" मी विचारलं.

"वर म्हणलं ना."

कारंज्यापाशी उभी राहायला ती तयार होईना. कुंपणाकडेला तुरीची एक ओळ तिनं हट्टानं राखली होती, तिथं जाऊन उभी राहिली. मी फोटो काढला आणि तिथूनच चढवला, घाईत लहान न करता. तिनं माझ्याच मोबाइलवर साईट पुन्हा उघडली. रेंज जेमतेम. आधी आभाळाची पट्टी आली, मग तुरीचे शेंडे, मग डोक्यावरचा पदर. तिथं अडकलं.

मला राहवेना. हात पुढे करून म्हटलं, "दे, लहान करून देते, पटकन येईल."

तिनं मोबाइल छातीशी धरला.

"थांब ना. येऊन राह्यली मी."